पाकिटातली विहीर

प्रल्हाद नगराळे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते पिपरी मेघेतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर. पाण्याची टाकी भरून वाहिली होती, खोलीतले नकाशे भिजले होते आणि सर ते कपड्यांच्या दोरीवर वाळत घालत होते. मी काम मागायला गेलो होतो. नावगाव विचारण्याआधीच त्यांनी माझ्या हातात चिमट्यांचा डबा दिला. “आधी हे लावू लाग, मंग बोलू.” शेवटचा नकाशा दोरीवर चढेपर्यंत मला काम मिळालेले होते.

सर मूळचे नाचणगावचे. सारी नोकरी त्यांनी गुजरातेतल्या तेलक्षेत्रांवर केली आणि निवृत्तीनंतर घराच्या वरच्या मजल्यावर चार माणसांचे कार्यालय थाटले. तेल कंपन्या आपली माहिती पाठवतात. जमिनीखालचा खडक कुठे किती सच्छिद्र आहे, म्हणजे तेल धरून ठेवायला त्याच्यात किती जागा आहे, याचा अंदाज आम्ही त्यांना कळवतो. मीही बाहेर हेच काम करीत होतो, पण वडिलांना अर्धांगवायू झाला आणि मला आमच्या गावी, रोहण्याला, परतावे लागले. सरांनी माझी कामाची वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवून दिली. पुढे एका रविवारी त्याच एसटीने ते स्वतः वडिलांना भेटायला आले.

वडिलांनी विचारले, “तुमाले खालचं दिसते काय जी?”

“दिसत नाई, बाबाजी. आमी जमिनीत धक्के सोडतो. खालून जो आवाज परत येते, त्याचा नकाशा काढतो. पण आवाज खोटंही बोलते. मंग जिथं विहीर खोदली असते, तिथला दगड त्याच्यासंगं ताडून पाहतो.”

“आन् जिथं खोदली नसते तिथं?”

“तिथं अंदाज.”

“अंदाजाचा पगार देते?” असे म्हणून वडील दुखण्यानंतर पहिल्यांदाच खळखळून हसले. सर त्यांच्याहून जास्त हसले. वडील होते तोवर सरांची ती रविवारची फेरी चुकली नाही.

अंदाज खरा आहे की नुसता देखणा, हे पाहण्याची सरांची एक रीत आहे. काम आले की पहिल्याच दिवशी ते खोदून झालेल्या एका तेलविहिरीची सगळी माहिती वेगळी काढून पाकिटात घालतात. पाकीट खाली सरांच्या पत्नी सुलोचनाकाकूंकडे जाते. काकू ते तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवतात. उरलेल्या विहिरी आणि नकाशे यांच्या आधारे, त्या झाकलेल्या विहिरीतला खडक कसा निघेल हे आम्ही लिहून द्यायचे. मग काकू पाकीट घेऊन वर येतात आणि सोबत सांभारवड्यांचे, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचे, ताट आणतात. पाकीट फोडल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. “अंदाज चुकला का वडी कडू लागते,” असे काकू बजावतात.

काही वर्षांपूर्वी एका कामात माझा अंदाज पाकिटातल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. सरांनी मला मिठी मारली. त्या नकाशावर पूर्वेला मोठा लाल पट्टा होता. लाल म्हणजे चांगला खडक. कंपनी पुढची विहीर तिथेच खोदणार होती आणि सोमवारी तिचे अधिकारी आमचा अहवाल न्यायला येणार होते.

शनिवारी मारुतीचे दर्शन घेऊन मी कार्यालयात आलो आणि अहवालाला जोडायची विहिरींची यादी तपासू लागलो. एका विहिरीचे ठिकाण ओळखीचे वाटले. पाकिटातल्या विहिरीला कंपनीच्या जुन्या कागदांत आणखी एक नाव होते आणि त्या नावाने ती आमच्या यादीत शिरली होती. म्हणजे जिचा अंदाज करायचा, तिलाच धरून मी नकाशा केला होता. यादी माझीच होती. कोणाला कळण्याचे कारण नव्हते. पण सरांच्या शब्दावर त्या लाल पट्ट्यात विहीर खोदली जाणार होती. आणि सांगावे तर एवढ्या मोठ्या कंपनीचे काम आमच्या छोट्या कार्यालयाच्या हातून जाण्याची भीती होती.

सर अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. “काऊन रे विनायक, तोंड काऊन उतरलं? मारुतीनं हाकलून देल्लं काय?”

मी सगळे सांगितले. सरांनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली.

“मंग जुळणारच होतं,” ते म्हणाले. “आरशात पाहून आपलंच तोंड ओळखलं आपण.” आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवत, “इतकं नेमकं जुळलं तवाच मले शंका याले पाहिजे होती. मी वड्या खाऊन राह्यलो होतो.”

सोमवारी अधिकारी आले तेव्हा सरांनी उभे राहून सांगितले, “हा अहवाल मी देत नाही. आमची चाचणी चुकली. ती तपासण्याची जबाबदारी माझी होती.”

“खोदायचं यंत्र येऊन उभं आहे, सर!” अधिकारी चिडून म्हणाले.

“उभं राहू द्या. चुकीच्या जागी चालण्यापेक्षा बरं.”

माझे नाव त्यांच्या तोंडून निघाले नाही. मी मान खाली घालून बसलो होतो.

त्या विहिरीला खरोखर बाहेर ठेवून आम्ही सगळे काम पुन्हा केले. या वेळी अंदाज साफ चुकला. नकाशा म्हणत होता की पूर्वेकडच्या त्या विहिरीत उत्तम खडक आहे, आणि पाकीट सांगत होते की तो घट्ट, निरुपयोगी आहे. शोधता शोधता कारण सापडले. पूर्वेला कोळशाचे पातळ थर होते आणि त्यांच्यावरून आवाज मोठा परत येत होता. आमचा लाल पट्टा म्हणजे बराचसा कोळसा होता. पश्चिमेला कोळसा नव्हता. तिथे विहिरी आणि नकाशा एकमेकांना दुजोरा देत होते. सरांनी पश्चिमेची जागा सुचवली आणि एकच आकडा न देता, सच्छिद्रता इथपासून इथपर्यंत निघेल, अशी मर्यादा कळवली. कंपनीने कुरकुरत का होईना, ते मानले.

पश्चिमेची विहीर खोदून झाल्याचा कंपनीचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे सरांच्या टेबलाभोवती होतो. खडक सांगितलेल्या मर्यादेच्या आतच निघाला होता, खालच्या टोकाच्या जवळ.

“खालच्या टोकाले का होईना, आत आहे!” सर ओरडले आणि काकूंना सांगायला जिन्याकडे धावले.

खालून काकूंचा आवाज आला, “अवो, हळू! पायरी तरी अंदाजानं उतरू नका!”

नवे काम आले त्या दिवशी सरांनी रिकामे पाकीट माझ्यापुढे ठेवले. “आतापासून झाकायची विहीर तू निवडजो. यादी मी तपासत जाईन.” चूक केलेल्या माणसाच्या हाती त्याच कामाची किल्ली देणारे वडीलधारे फार थोड्यांना भेटतात.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. सकाळी बुद्धवंदना झाली की ते वर येतात. नुकतेच त्यांनी एक मोठे काम स्वीकारले आहे आणि त्याला पाच वर्षे लागतील, असे ते निश्चिंतपणे सांगतात. मी शनिवारी मारुतीरायापुढे उभा राहिलो की सरांच्या पायांत बळ आणि डोळ्यांत तेज राहू दे, एवढेच मागतो. काकूंसह त्यांना निरोगी, समाधानाचे आयुष्य लाभो. आणि आपली चूक घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहण्याचे भाग्य आम्हा सर्वांना पुष्कळ, पुष्कळ वर्षे मिळत राहो.