संतोषदादा, आमचा रिसीव्हर

आज संतोषदादांना जाऊन वर्ष झालं. ही रडकी पोस्ट नाही.

रडका माणूस त्यांना आवडायचा नाही. भांडणारा चालायचा.

मारुंजीत मी ज्या बिल्डिंगमध्ये राहते, ती त्यांची. मी मूळची परभणीची, हिंजवडीत नोकरी. रूम बघायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "ताई, तुमी काय खेळता का?"

भाड्याचं नंतर बोलले.

तेव्हा ते फ्लॅग फुटबॉलची टीम जमवत होते. अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पण धडकाधडकी नाही. कमरेला पट्ट्या लावायच्या, समोरच्याने पट्टी ओढली की पळणारा तिथंच थांबला. मुलं-मुली एकत्र.

दादा आयुष्यभर कबड्डी खेळलेले. मोबाईलवर एक मॅच बघितली आणि वेडे झाले.

मी क्वार्टरबॅक झाले, म्हणजे बॉल फेकणारी. ते रिसीव्हर. पुढे पळत जायचं, लांबून आलेला बॉल पकडायचा.

कॅप्टन मलाच केलं. "ऑफिसात मीटिंगा घेताच की," म्हणाले.

मग आमच्या भागातली लीग सुरू झाली, आणि तिचा ड्राफ्ट आला. नवीन खेळाडूंची ट्रायल बघायची आणि प्रत्येक टीमने आळीपाळीने एकेकाला घ्यायचं.

आमच्याकडे एकच जागा रिकामी होती. रिसीव्हरची.

ट्रायल लवळ्याच्या ग्राउंडवर झाली. मला कबीर आवडला. तिथल्याच हॉस्टेलचा, उंच, सुसाट, मराठी तोडकीमोडकी. दादांना आवडली सोनाली. उरवड्याच्या कंपनीत पॅकिंगला, शाळेपासून खो-खो खेळलेली.

रविवारी सकाळी दादांच्या गच्चीवर आमची जी जुंपली, ती सगळ्या बिल्डिंगने ऐकली.

"कबीरची उंची बघा दादा. बॉल वर टाकला की त्याचाच."

"आन खाली टाकला तर? वाकंस्तवर मॅच संपंल."

"त्याचा स्पीड?"

"पळतंय लई. पण सरळच. एस्टी वळंल आदी, मग ह्यो."

"सोनाली फार छोटी आहे."

"लहान हाय, पण जागेवर फिरती. पट्टी कुनाच्या हाताला लागू देयाची न्हाई, हे तिला खो-खोनंच शिकवलंय."

खालून कुणीतरी ओरडलं, "दोघांनाही घ्या, पण झोपू द्या."

मी कॅप्टन. मी कबीर घेतला.

दादा ड्राफ्टच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवरून उठून मागच्या रांगेत जाऊन बसले. चहा आला तर माझ्याकडे न बघता कप पुढे सरकवला.

दुसरी फेरी आली. सोनालीला अजून कुणीच घेतलं नव्हतं. आमची टीम भरलेली होती, म्हणून मी "पास" म्हणायला तोंड उघडलं, तर मागून आवाज आला.

"माझं नाव काडा. तिला घ्या."

मी त्यांच्याजवळ गेले. हळू म्हटलं, "दादा, टीम तुम्ही उभी केलीत. तुम्हाला कसं काढू?"

"म्हनूनच सांगतोय. गुडगा वळत न्हाई माझा. तुमाला कळलंय, तुमी बोलत न्हाई. लवकर सांगा, न्हाईतर दुसरं कोन उचलंल."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. हात मात्र खुर्चीची पाठ घट्ट धरून होते.

मी सोनालीचं नाव घेतलं.

त्या दिवसापासून ते आमचे कोच. मला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली. "ती वळायच्या आदी बॉल सोडा. ती वळली की बॉल तितं पायजे."

मला भीती वाटायची. न बघणाऱ्या माणसाकडे बॉल फेकायचा कसा?

सेमीफायनल आली. आम्ही मागे होतो, शेवटचा चान्स. कबीर उजवीकडून सुटला आणि समोरच्या टीमचे दोघे त्याच्या मागे लागले. डावीकडे सोनाली नाकासमोर पळत होती, माझ्याकडे पाठ.

मी बॉल सोडला.

ती थांबली. फिरली. बॉल तिच्या छातीशी.

पट्टी ओढायला आलेला मुलगा रिकाम्या हाताने मातीत पडला आणि ही लाइनच्या पलीकडे.

टचडाऊन!

बघते तर दादा दुखऱ्या गुडघ्यासकट ग्राउंडमध्ये घुसलेले, आणि रेफरी त्यांना बाहेर काढतोय.

फायनल आम्ही हरलो. येताना गाडीत मला वाटलं, आता सोनालीचं कौतुक ऐकायला लागणार. तर म्हणाले, "कबीरला जास्त बॉल द्याया पायजे हुते. पोरगं कामाचं हाय."

"दादा, तुम्हाला तो नको होता ना?"

"तवा नको हुता. आता आपला हाय."

आणि मारुंजी येईपर्यंत पुढच्या सीझनला कुठला रिसीव्हर घ्यायचा यावर आम्ही परत भांडलो.

पुढचा सीझन त्यांनी बघितला नाही. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

स्मशानात सोनाली कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच आली होती. कबीरने खांदा दिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मधला एक ड्राफ्ट आम्ही फोनवरच उरकला. गच्चीवर जायची कुणाची हिंमत झाली नाही.

उद्या पुन्हा ड्राफ्ट आहे. मला एक लांब हातांची मुलगी हवी आहे. सोनालीला ती अजिबात पसंत नाही. कबीरचं तिसरंच काहीतरी चाललंय.

मगाशी दादांच्या पत्नी, मंगलवहिनी, दारात आल्या. म्हणाल्या, "गच्ची झाडून ठिवलीया. सांच्याला समदी या, आन काय भांडायचं ते हितंच भांडा. घर लई गप झालंय."

आम्ही जातोय.

दादा, तुम्हाला आम्हा सगळ्यांचा मनापासून नमस्कार.