काळीज कोणतं

काल खाटकानं सहज विचारलं, "काका, काळीज टाकू का संगं?" आणि मला क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आठवला.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. यवतमाळच्या कॉलेजात माझं पहिलं वर्ष. आमच्या तांड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रॅक्टिकलला सरांनी गुंगवलेला बेडूक उघडला. मला इंग्रजी जमत नाही हे ओळखून ते म्हणाले, "यात काळीज दाखव पाहू."

मी तपकिरी, गुळगुळीत भागावर चिमटा ठेवला. सणाला बोकड कापला की बा हेच बाजूला काढून म्हणायचा, "हे काळीज माह्या पोराले."

"अबे, हा त कलेजी दाखवून राह्यला!" मागून कोणी ओरडलं. "तिखट-मीठ आणू का बे?" सगळे हसले.

सरांनी माझा चिमटा जरा वर सरकवला. तिथं चिंचोक्याएवढं काहीतरी हलत होतं. आधी वरचे दोन कप्पे आवळत, मग खालचा. रक्त बाहेर ढकललं की तो फिका पडे, भरला की पुन्हा लाल होई. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं; पण माझंच हृदय असं धडधडत होतं की मान वर करवेना.

"तू दाखवलंस ते यकृत. त्याला काळीज कोणी सांगितलं तुला?" सरांनी मायेनं विचारलं.

"आमच्याकडचे अडाणी लोक म्हणतात, सर."

पोरांच्या हसण्याची लाज पुढं विरली. पण ते 'लोक' म्हणजे माझा बा होता, हे त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.