चोवीस माणसांची मिरवणूक

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, चार नंबरच्या खिडकीत ती बावीस वर्षं बसते आहे. रस्त्यावर चार दिवस बॅनर लावायचा असो, शाळेची फेरी काढायची असो की सायकलवाल्यांची रॅली, तिच्या सहीशिवाय काही हलत नाही. गावात तिला सगळे टेपबाई म्हणतात, कारण पर्समध्ये पावडर-कंगवा नसला तरी चालेल, पण मोजायची टेप असतेच. एकदा एका टायरवाल्याने अर्जात दहा फुटी बॅनर लिहिला. बाईंनी तो तिथल्या तिथे व्हरांड्यात उलगडायला लावला. बॅनर लांबत लांबत पहारेकऱ्याच्या स्टुलापर्यंत गेला, त्याने निमूटपणे पाय वर घेतले, आणि माप भरलं अठरा फूट. टायरवाला म्हणाला, "अहो, कापड धुतल्यावर वाढलं असेल!" बाईंनी अर्ज परत केला, पण हसू काही त्यांना आवरलं नाही.

मिरवणुकीचा मार्ग तर ती आधी स्वतः चालून बघते. ऑफिस सुटल्यावर छत्री उंच धरून निघते, लोंबत्या तारा किती वर आहेत, कुठे गटार उघडं आहे, सगळं वहीत टिपून घेते आणि मगच शिक्का मारते. अशी माणसं आपल्याला नकोशी वाटतात, हे खरंच. आपला अर्ज अडला की आपण त्यांच्या नावाने बोटं मोडतो, आणि दुसऱ्याचा अडला की नियम म्हणजे नियम, असं मान डोलावून सांगतो.

तर या बाईंच्या आईला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. आई गावच्या तलावावर पोहायला शिकवायच्या. निम्म्या गावाला त्यांनी कमरेला धरून पाण्यात ढकललं होतं. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, रविवारी सकाळी तलावापासून आईच्या घरापर्यंत मिरवणूक काढायची, पुढे बँड आणि सव्वीस फुटी बॅनर. परवान्याचं काम अंगावर घेतलं थोरल्या भावाने. "त्याची काय काळजी? खिडकीत माझी बहीणच बसलीय," असं म्हणून दादाने ते काम जे बाजूला टाकलं, ते थेट बुधवारी दुपारी अर्ज घेऊन उगवला.

"दादा, पंधरा दिवस आधी द्यायचा असतो रे अर्ज," तिने तारीख बघून कपाळाला हात लावला.

"अगं धाकटे, आईची मिरवणूक आहे. तारीख मागची टाक, कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!"

मागून साहेबही म्हणाले, "मारून टाका शिक्का, घरचंच काम आहे." पण गेल्याच आठवड्यात दोन दिवस उशीर झाला म्हणून तिने अंधशाळेच्या मुख्याध्यापकांना परत पाठवलं होतं. ते बिचारे थँक्यू म्हणून पुढची तारीख घेऊन गेले होते. त्यांचा चेहरा काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिने अर्ज दादाच्या हातात ठेवला. दादा तणतणत म्हणाला, "मग आईला तूच सांग!"

तिने फोन केला. आईने इस्त्रीचे कपडे काढून ठेवले होते, गल्लीभर सांगून झालं होतं, समोरच्या घरून चार खुर्च्या मागवल्या होत्या. लेकीचं सगळं ऐकून घेऊन आई एवढंच म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. आई रागावली असती तर परवडलं असतं. रात्री जेवायला बसल्यावरही ते 'बरं' बाईंच्या कानात होतं. आपण आईच्या ऐंशी वर्षांवर पाणी ओतलं, असं तिला वाटत राहिलं, आणि ते वाटणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही.

मग ताट बाजूला सारून तिने नियमांचं पुस्तक काढलं. पंचवीस किंवा जास्त माणसं रस्त्याने एकत्र निघाली तर ती मिरवणूक. म्हणजे चोवीस माणसं फूटपाथवरून चालली तर ती नुसती चालणारी माणसं. दोन गटांत शंभर मीटर अंतर हवं, नाहीतर सगळे मिळून एकच धरायचे. ही मेख आठ वर्षांपूर्वी तिनेच साहेबांच्या मागे लागून मारून घेतली होती, आणि आता स्वतःच्याच हुशारीवर चरफडत होती. हातात धरलेला तीन फुटांपर्यंतचा फलक चालतो. वाद्यांना परवाना हवाच. तिने दादाला फोन लावला, "माणसं किती?"

"तीनशे अकरा. का?"

"कात्री घेऊन ये. बॅनरही आण."

रविवारी सकाळी तलावाच्या फाटकात ती टेप घेऊन उभी राहिली. बॅनरचे तेरा तुकडे झाले होते, दोन-दोन फुटांचे, कुठे अर्धा शब्द तर कुठे नुसतंच एक उद्गारचिन्ह. चोवीस-चोवीसचे गट एकेक करून सुटू लागले. बँडवाले वाद्यं काखेत मारून तोंडानेच वाजवत निघाले, त्याला नियम नव्हता. चौकातला हवालदार धावत आला.

"हे काय चाललंय? परवाना कुठंय?"

"मोजा," बाई म्हणाल्या.

त्याने बोट नाचवत मोजले. चोवीस. मागचा गट मोजला. चोवीस. मग मागच्या शंभर मीटरकडे बघून त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि तिसऱ्या गटासाठी स्वतःच गाड्या थांबवल्या.

तिकडे घरी आई फाटकाजवळ खुर्चीत बसली होती. डोळे अधू झाल्यामुळे तिला हातभर अंतरावरचंच दिसायचं. वाजतगाजत मिरवणूक आली असती तर दहा मिनिटांत नुसता रंग सरकून गेला असता. आता मात्र एक गट भेटून पांगेपर्यंत पुढचा शंभर मीटर मागेच थांबायचा, म्हणून वेळच वेळ होता. प्रत्येक जण वाकून तोंड पुढे करायचा आणि आई हनुवटी धरून ओळखायची. "तू रे, नाकात पाणी गेलं म्हणून चड्डीतच घरी पळाला होतास!" टक्कल पडलेला दातांचा डॉक्टर लाजून लाल झाला. बॅनरचे तुकडेही आई जोडून वाचत होती आणि पुढे काय येणार यावर दादाशी पैज लावत होती. दोन तास झाले तरी तिला उठायचं नव्हतं.

शेवटच्या गटात तेवीसच जण उरले होते. चोविसावी म्हणून टेपबाई स्वतः मागे लागल्या. आई काय म्हणेल याची त्यांना धास्ती होती. घर पन्नास पावलांवर आलं आणि मागून हाक आली, "थांबा की जरा!" तलावावरचा जुना पंपवाला धापा टाकत येत होता, तीस वर्षं आईच्या बरोबरीने काम केलेला. कोणीतरी हात धरून त्याला रांगेत घेतलं. बाईंनी सवयीने मोजलं. पंचवीस.

"चला हो बाई, शेवटची पन्नास पावलं तर राहिलीत," गटातली एक जण म्हणाली.

पण त्या रांगेतून बाहेर पडल्या, रस्ता ओलांडला आणि आईच्या फाटकासमोरच्या फूटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथून आईचा चेहरा नीट दिसतही नव्हता. पंपवाल्याला बघून आई खुर्चीतून उठून हसत असलेली तेवढी कळली. मग तिने दादाला काहीतरी विचारलं आणि दादाने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

आईने काठी घेतली. कोणी हात द्यायला पुढे झालं, त्याला तिने झटकलं आणि ती एकटीच रस्त्यात उतरली. शेवटच्या गटामागोमाग आलेल्या हवालदाराने दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या. कोणी हॉर्न वाजवला नाही. आई ठक ठक करत पलीकडे आली, लेकीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तिने नीट बघितलं आणि तिची हनुवटी धरली.

"काय गं, एकट्या माणसाला परवाना लागत नाही ना?"

"नाही लागत, आई," टेपबाई म्हणाल्या, आणि बावीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं तशा भर रस्त्यात हमसून रडल्या.