बापूचं मरण नशिबावर ढकलू नका

बापू पडल्याची बातमी मला कोणी सांगायला आलं नाही. कागलच्या रस्त्यावर तो माझ्या मागेच होता. आवाज आला, वळलो, तोवर तो डांबरावर... डोक्यावर हेल्मेट होतं, मान वाचली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. दोन महिने झाले, तरी आमच्या सायकल ग्रुपवर त्याच्या फोटोखाली 'नियतीने घाला घातला' असंच लिहिलेलं आहे. नियती त्या दिवशी सायकल चालवत नव्हती. मी चालवत होतो.

जुन्या मशिनरीची खरेदी-विक्री हा माझा धंदा, तोंडाच्या जोरावर उभा केलेला. बापू फौंड्रीतला निवृत्त टर्नर. ग्रुपबरोबरच्या माझ्या पहिल्याच रविवारी मी त्याच्या मागच्या चाकाला चाक घासलं, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ, भाव करताना चिकटायचं, सायकलला न्हाय. जरा मागं ऱ्हावा की!" मला असा राग आला की चार रविवार मी त्याच्याशी बोललो नाही. पण ग्रुपला शिस्त लावली ती त्यानंच. पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं हात खाली करून ओरडायचं आणि प्रत्येकानं ती हाळी मागे पोचवायची, कारण मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. पोरंटोरं हसायची. "बापू, वरात हाय व्हय ही?" तो म्हणायचा, "वरातीत पडलं तर लोक उचलत्यात. हितं वरनं जात्यात!"

त्या दिवशी मी शेजारच्याशी एका जुन्या लेथ मशीनच्या भावावरून हुज्जत घालत होतो. पुढून हाळी आली, खड्डा दिसला, मी हँडल वळवून चुकवला. ओरडायचं राहिलं...

शोकसभेत मी हे उभं राहून सांगितलं. ग्रुपच्या अध्यक्षानं माझा शर्ट ओढला. "बसा खाली. कशाला अंगावर घेताय?" दुसरा म्हणाला, बापूचं वय झालं होतं. वय! हा माणूस पन्हाळ्याचा चढ पाय न टेकता चढायचा. आणि पुढच्याच रविवारी हीच मंडळी कानात इअरफोन घालून, एकमेकांना खेटून, रील काढत निघाली. माझी चूक मी कबूल करतो. ह्यांना चूकच नको आहे, नशीब हवं आहे.

महिन्यापूर्वी हे लोक बापूच्या बायकोकडे, वहिनींकडे गेले. बापूची सायकल दुरुस्त करून, पांढरी रंगवून त्याची आठवण म्हणून चौकात लावायची म्हणे. वहिनींनी मला बोलावून घेतलं. पुढच्या खोलीत सायकल भिंतीला टेकलेली, पुढचं चाक पार मुडपलेलं. मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगितलंसा, बरं केलंसा. माफ करीन का न्हाय, त्ये आत्ता इचारू नका."

सायकल त्यांनी दिली नाही. "चाक सरळ करायचं न्हाय. ज्येला ग्रुपात जायचं हाय, त्यानं आधी हितं येऊन बगावं."

आता ग्रुपमध्ये नवा कोणी आला की मी त्याला आधी त्या खोलीत नेतो. वहिनी चहा देतात, त्याला चाकावर हात ठेवायला लावतात. ते कसं मुडपलं, हे मात्र त्या सांगत नाहीत. माझ्याकडे बघतात आणि मी सांगेपर्यंत थांबतात.