नातीच्या डोळ्यांची मोजणी

पारोळ्याहून जळगावला पोचेपर्यंत मी नातीला तीनदा विचारलं, "नक्की करायचंच का गं हे लेसर?" तिचं आपलं एकच, "आजी, दहा मिनिटांचं काम आहे." तेच तर मला खटकत होतं. दहा मिनिटांत आमच्या शिंप्याकडे ब्लाउजचं माप धड होत नाही, आणि इथे डोळा!

दवाखाना चकचकीत. काउंटरवरची मुलगी इतकी गोड बोलत होती, की माझा संशय आणखी वाढला. तिने दिलेला कागद मी मुद्दाम शेवटपर्यंत वाचला. अक्षर मुंगीएवढं. डोळे कोरडे पडू शकतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, नंबर परत येऊ शकतो, बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ असला तर पुढे फुगून नजर बिघडू शकते.

"हे सगळं होणार, तर लपवून एवढं बारीक कशाला लिहिलंय?" मी म्हटलं.

"होईलच असं नाही, आजी. पण सांगावं लागतं."

डॉक्टर तर अगदीच तरुण. यंत्रापुढे बसवण्याआधी त्यांनी नातीला विचारलं, "कॉन्टॅक्ट लेन्स शेवटची कधी घातली होती?"

"पंधरा दिवस झाले."

मी चमकले. परवाच तर तिच्या होणाऱ्या सासरची मंडळी धुळ्याहून आली होती, आणि ही चहाचा ट्रे घेऊन लेन्स लावून मिरवत होती. तिला जाड चष्मा आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पाहायला आले त्या दिवशी चष्मा मीच काढून ठेवायला लावला होता. सगळेच तसं करतात, म्हणून आम्हीही केलं.

"पंधरा दिवस झाले नसले तर काय होतं हो?" मी भोळेपणाने विचारलं.

"लेन्समुळे डोळ्याचा पुढचा पडदा दबतो. मूळ आकारात यायला त्याला वेळ लागतो. आधीच मोजला तर माप चुकतं, आणि त्याच मापावर लेसर चालतं."

टेबलाखाली नात माझा पाय दाबत होती. मी म्हटलं, "पाय नको दाबू. डॉक्टरले खरं सांग."

"परवा घातली होती," ती पुटपुटली.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. "दोन आठवडे फक्त चष्मा. मग या. तेव्हाही पडदा पातळ निघाला, तर मी करणार नाही." त्या अख्ख्या दवाखान्यात एवढं एकच वाक्य मला पटलं.

 बसमध्ये ती एकदम म्हणाली, "रविवारी धुळ्याला शालू घ्यायला जायचंय. चष्म्यात बघून त्यांनी लग्न मोडलं तर?"

 "डोळे मोडले तर काय करशील?" मी म्हटलं.

रविवारी ती चष्मा लावून दुकानात शिरली. तिच्या होणाऱ्या सासूबाई बघतच राहिल्या. "हा कधी लागला?"

डोळे आलेत असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण नातच म्हणाली, "चौथीत."

"मग आधी का नव्हता?"

"मीच काढायला लावला," मी म्हटलं. 

"आणखी काय लपवलंय?"

"काही नाही," नात म्हणाली. "आणि डॉक्टर नाही म्हणाले, तर हा कायमचाच राहील."

 सासूबाईंनी समोरचा शालू बाजूला सारला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "तो वरचा हिरवा काढा. हिला जवळून दाखवा."