घराला काही झालं नाही

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली.

हे घर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं बांधलं. उन्हाळ्यात पंखा लागू नये आणि वादळात काही हलू नये, म्हणून जाड दगडी भिंती आणि वर स्लॅब. मापं घ्यायला त्यांनीच मला शिकवलं, नकाशाही दोघांनी मिळून काढला. सरकारी परमिटवर मिळालेलं सिमेंट कमी पडलं, तेव्हा मात्र स्वयंपाकघरावर पत्रे आले. तिथंच पत्रे का, मी पुन्हा पुन्हा विचारलं. "बायकांना तिथं कितीसा वेळ बसायचं असतंय?" म्हणाले. घरापुढं गप्पा मारायला सिमेंटचा ओटा मात्र झालाच.

आज पंगत बसली आणि वादळ सुटलं. बैठकीत पाहुणे म्हणत होते, "लई गार हाय की घर!" मागं आई पुऱ्या तळत होती. वाऱ्यानं पत्रा उचलला, त्यावर ठेवलेला दगड कढईत पडला आणि उकळतं तेल आईच्या हातावर उडालं.

मी तिचा हात पाण्यात धरून बसले होते, तेवढ्यात बैठकीतून हाक आली, "वहिनी, पुऱ्या येऊ द्या की!"

अण्णा धावत आले. त्यांनी पत्रा पाहिला, आईचा हात पाहिला. मग बैठकीत जाऊन म्हणाले, "बसा, बसा. घराला काही झालं नाही."

वडिलांबद्दल असं लिहिताना मला अपराधी वाटतंय. तरी विचारते, तुमच्याकडं स्वयंपाकघर घरात धरतात का?