मशीनचं कपाळ

मुंबईत थंडी पडते की नाही, यावर माझ्या माहेरचं आणि सासरचं कधीच एकमत झालं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत डिसेंबर उजाडला की माणसं कानटोपी घालून दात घासायची. वरळी कोळीवाड्यात माझी सासू त्याच डिसेंबरात बर्फाच्या पाटीत कोपरापर्यंत हात घालून मासळी निवडायची आणि वर पदराने वारा घ्यायची. पण नवऱ्याच्या होडीच्या मशीनला मात्र थंडी वाजते, हे पुढे दोन्ही घरांना मान्य झालं.

ते मशीन होडीच्या मागच्या बाजूला अडकवायचं, दोरी ओढून चालू करायचं. नवऱ्याने ते सेकंडहँड घेतलं होतं. पहाटे तो दोरी ओढायचा, मशीन म्हाताऱ्यासारखं खोकायचं आणि गप्प बसायचं. ऊन वर आलं की एका झटक्यात चालू व्हायचं, पण तोवर बाकीच्यांची जाळी टाकून झालेली असायची. मग हा पठ्ठ्या दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जायचा आणि घरी येऊन माझ्यावर चिडायचा, जणू दोरी मीच धरून ठेवली होती.

तिकडे लालबागला माझे बाबा घरी बसले होते. ते गिरणीत फिटर. संपाला वर्ष होत आलं होतं. पहिले काही महिने त्यांनी चाळीतल्या एकूणएक दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दारं इतकी मुकी झाली की शेजारच्या काकू आवाज न होता घरात शिरलेल्या मांजराला चोर समजून ओरडल्या. मग बाबांनी एकीचं शिलाई मशीन दुरुस्त केलं, जे बिघडलेलंच नव्हतं आणि नंतर मात्र बिघडलं. पुढे दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा ते गॅलरीत खुर्ची टाकून धूर न येणाऱ्या चिमणीकडे बघत बसू लागले. दाढी करणं सोडलं. माझा बाप असा खुर्चीत विरघळत चाललेला मला बघवत नव्हता, रागही येत होता, आणि राग नेमका कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

त्यात बाबांनी माझ्या लग्नानंतर कोळीवाड्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. दर्यावर जाणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची नाही, असं ते म्हणाले होते आणि मी दिलेल्या मुलीसारखी न वागता स्वतःच गेले होते. बाबा मूळचे मालवणकडचे, पण होडीत बसले की त्यांना उलटी होते. समुद्राशी त्यांचं भांडण जुनंच.

मी लालबागला गेले आणि सांगितलं, "बाबा, मशीन चालू होत नाही. कोणाला काही कळत नाही."

मी कोणाला विचारलंच नव्हतं. पण बाबा खुर्चीतून उठले. "पेट्रोल येताहा काय?" एवढंच विचारलं आणि दाढीचं सामान काढलं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पान्यांची पिशवी घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. सासू सुपात कोलंबी घेऊन बसली होती, शेजारी होडीवरून काढून आणलेलं मशीन. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या व्याहीबुवा! मशीन आजारी पडलं तवा आलात. सून आजारी पडली असती तर नुसता निरोप धाडला असतात."

बाबा घाबरले. विहिणीला खूश करण्यासाठी जे पहिलं सुचलं ते त्यांनी शुद्ध मराठीत बोलून टाकलं. "विहीणबाई, आमच्या गिरणीत दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय मशीनला कोणी हात लावत नसे. आपण याची पूजा केलीत का?"

सासूने केली नव्हती. कोणीतरी आपल्याला धर्माचं शिकवतंय हे तिला लागलं, आणि पटलंही. ती उठली, हळदकुंकू आणलं. मशीनवर सगळीकडे ग्रीस, कुंकू कुठे टिकेना. मग तिने मशीनला नळीने जोडलेल्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर बोट टेकलं. झाकण स्वच्छ, गोल, आणि मशीन पितं तिथूनच, म्हणजे तोंड तेच.

"रोज करत जा," बाबा आणखी गोड होऊन म्हणाले. हे वाक्य त्यांना फार महागात पडलं.

थंडीचं दुखणं बाबांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. चोक ओढून नवरा इतकी दोरी ओढायचा की पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजायचा, आणि भिजलेल्या प्लगवर ठिणगी कसली पडते! बाबांनी प्लग काढला, घासला आणि सुकवायला थेट आमच्या तव्यावर ठेवला. त्या रात्री भाकरीला पेट्रोलचा वास आला. सासूने एक घास खाल्ला, बाबांकडे बघितलं आणि दुसरा घासही खाल्ला. विहिणीने यापेक्षा मोठा मान कोणाला दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मग गल्लीत पाण्याचं पिंप आणलं. मशीनचं पंख्याकडचं टोक पाण्यात नसेल तर ते तापतं, म्हणून त्याला पिंपात उभं केलं. बाबांनी दोरी ओढली. मशीन असं काही गरजलं की पिंपातलं अर्धं पाणी उडून शेजारणीच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर पडलं. अर्धे सुके बोंबील पुन्हा ओले झाले. शेजारीण बोलली ते लिहिण्यासारखं नाही. पण मशीन चालू झालं होतं, आणि बाबा पिंपाशेजारी निथळत उभे राहून हसत होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मी घरात जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या पहाटे मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, ऐटीत दर्यात गेलं आणि तिथे बंद पडलं. नवरा वल्ही मारत परत आला. बाबांनी झाकण उघडून बघितलं, टाकी भरलेली. झाकण लावलं, दोरी ओढली, मशीन चालू! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काठावर शहाणं, पाण्यात गेलं की मेलं.

"पेट्रोल अडकता खंयतरी," बाबा म्हणाले आणि नळी तोंडाने ओढून बघितली. घोटभर पेट्रोल पोटात गेलं. सासूने त्यांना आल्याचा चहा पाजला आणि दिवसभर बिडीला हात लावू दिला नाही, घर पेटेल म्हणून. त्यांनी कार्बोरेटर सोडवला, चटईवर मांडला, सगळं धुतलं, पुन्हा बसवला. मशीन पुन्हा दर्यात मेलं. नळीतला पंप मारायचा रबरी फुगा चपटा होतो हेही त्यांनी बघितलं, आणि रबर जुनं म्हणून फुगा बदलला. नवा फुगाही चपटा झाला.

मशीन हरत चाललं तशी सासूची पूजा वाढत गेली. आधी नुसतं कुंकू होतं, मग हळद आली. मग तेलात कालवलेलं कुंकू, वर अक्षता, शेजारी लिंबू. बाबा रोज हात जोडून बघायचे. तोंडाने म्हणायचे, "छान, छान." पण संध्याकाळी लालबागला परत निघताना त्यांची पाठ वाकलेली दिसायची. हे मशीन हरलं, तर बाबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार आणि या वेळी उठणार नाहीत, एवढं मला स्पष्ट कळत होतं. मशीन गेलं खड्ड्यात, मला माझा बाप हवा होता.

शेवटी बाबा म्हणाले, "उद्या मी होडीत जातंय."

"मामा, तुम्हाला उलटी होते," नवरा म्हणाला.

"होव दे."

झाली. काठ दूर गेला तसे बाबा होडीच्या कडेला ओणवे झाले, मग तिथून सरकून टाकीवर डोकं टेकून पडले. तेवढ्यात मशीन बंद पडलं. बाबांचं नाक झाकणापासून बोटभर अंतरावर होतं. झाकणावर कुंकवाचा जाड थर, आणि थरात मधोमध एक तांदूळ, कोणीतरी मापून बसवावा तसा. त्यांनी काडीने तांदूळ काढला. फुस्स करून टाकीने आत हवा ओढली. नवऱ्याने दोरी ओढली आणि होडी निघाली.

परत आल्यावर बाबांनी मला नळावर बाजूला घेतलं. "गो, मशीनीक काय एक झाला नाय. तेलाच्या डब्याक एकच भोक पाडला तर तेल येता काय? हवा आत जावक दुसरा भोक होया. तसा या झाकणाक बारीक भोक आसा. ता तुझ्या सासून बुजवल्यान. कुंकवान. वर तांदूळ! काठार मी झाकण उघडलंय की हवा आत जाय, म्हणान चालू होय." आणि मग एकदम आवाज खाली आणून, "तिका ह्या कोण सांगतला?"

मुलीचा बाप विहिणीला सांगणार, तुमच्या पूजेने मशीन मरतं? आणि पूजा सुचवली कोणी, तर यांनीच. मी सून, माझं तोंड उघडायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आयला सांगू? त्यापेक्षा मी जन्मभर वल्ही मारतो."

मग मी पूजेनंतर गुपचूप केसातल्या पिनेने भोक मोकळं करू लागले. मशीन चालू लागलं, पण सासूला कुंकू टोकरलेलं दिसलं. "कोन मेला माजा कुंकू खरवडतं?" ती गल्लीत उभी राहून ओरडली. तिचा संशय ओल्या बोंबलांच्या शेजारणीवर होता. शेजारीणही बाही सरसावून बाहेर आली. आता दोन बायकांत दांडके निघणार, तेव्हा बाबा मध्ये पडले.

त्यांनी शर्ट खोचला. खिशातला स्वच्छ रुमाल काढून मशीनच्या वरच्या टोपणावरचं ग्रीस पुसलं, नीट, चकाकेपर्यंत.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आपण कुंकू लावता ती जागा त्याच्या नाकाची. इथून ते श्वास घेतं. कपाळ त्याचं हे, इथे वर."

सासूने झाकणाकडे बघितलं, ते भोक बघितलं, मग माझ्या केसांतली कुंकवाने लाल झालेली पीन बघितली.

"म्हंजे इतके दिस मीच त्याचा नाक दाबत होती?"

"नाही, नाही," बाबा घाईने म्हणाले, "आपल्या पूजेमुळेच तर प्लग टिकला."

सासू खाली बसली आणि हसत सुटली. शेजारीणही हसली. बोंबलांचा विषय मात्र ती पुढे वर्षभर काढत राहिली.

त्यानंतर मशीन रोज पहाटे पहिल्या झटक्यात चालू व्हायचं, कपाळावर कुंकू लावून दर्यात जायचं आणि मासळी घेऊन यायचं. एक दिवस बाबांनी पाने पुसून पिशवीत भरले आणि खुंटीवरून उन्हाची छत्री घेतली.

"येतो विहीणबाई. आता मशीनला माझी काही गरज नाही."

मला डोळ्यांसमोर ती खुर्ची दिसत होती.

सासू मासे कापत होती. तिने मान वर केली नाही. "उद्या सकाळी या," ती म्हणाली. "नाय आलात, तर परत नाकावर लावीन."

बाबा दारातून परत आत आले. मग पान्यांची पिशवी त्यांनी आमच्या खुंटीला अडकवली आणि नुसती छत्री घेऊन लालबागला गेले.